पाटीपुरता रॅम्प

धाकटीच्या दिवाणखान्यात, टीव्हीच्या बरोबर वर, माझा एक फोटो लावलाय. मोठा, चौकटीतला. त्यात मी व्हीलचेअरवर बसून नव्याकोऱ्या रॅम्पवरून वर चाललेय आणि माझे झाडून सगळे दात दिसतायत. येणारे-जाणारे म्हणतात, किती आनंद आहे हो चेहऱ्यावर. आनंद कसला डोंबलाचा. मागं गडगडत जाईन या भीतीनं मी दात आवळले होते, ते दिसतायत. आणि माझ्या पाठीमागं, खुर्चीच्या आडोशाला, माझा सख्खा भाचा ओणवा होऊन दोन्ही हातांनी खुर्ची वर रेटत होता, तो मात्र दिसत नाही. फोटो काढणारा त्याला सारखा सांगत होता, "अजून खाली वाक, केस दिसतायत."

त्या फोटोसमोर बसून चहा प्यायची वेळ आली की घोट घशाखाली उतरत नाही. नुसता राग असता तर परवडलं असतं. रागाचं काय, तो येतो नि जातो. ही किळस आहे. मशीनचं तेल पांढऱ्या कापडाला लागलं की कितीही घासा, पिवळा डाग राहतो, तशी ती राहते.

मी कपडे शिवते. लहानपणी आजारात पाय गेले, तेव्हापासून पायांची कामंही हातांनीच करते. रस्त्यालगतच्या खोलीत माझं दुकान, मागच्या खोलीत मी. मशीनला मोटर लावून घेतलीय, तिचं बटण कोपरानं दाबते. एकटीचं सगळं व्यवस्थित चालतं. धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहते, आणि तिला वाटतं की माझं काहीच चालत नाही. ते एक सोडा.

आमच्या भागातल्या समाजकेंद्रात मी शिवणवर्ग घ्यायची. आठवड्यातून दोन संध्याकाळी. पुढच्या दाराला पायऱ्या, त्यामुळे मी जायची मागच्या दारानं. तिथून खुर्च्या, तंबूचं सामान, भाजीची पोती आत येत, आणि मागची जमीनही उंच, म्हणून ते दार जमिनीला समतल होतं. वाट कचऱ्याच्या पेट्यांमधून. नाक मुठीत धरून जायचं म्हटलं तर चाकं कोण फिरवणार, तेव्हा वास घेतच जायचं. चाकांना साली चिकटायच्या, कधी काय चिकटायचं ते विचारू नका. पण आत जायचे मी, आणि माझ्या हातांनी जायचे. एकदा आत गेले की मी कुणाची मावशी नसायची, कुणाची बिचारी नसायची. मी म्हटलं उसव, की समोरचीनं मुकाट उसवायचं. बेकरीवाली तर माझ्या धाकानं घरी सराव करून यायची, आणि तिचे काज तरीही कुत्र्यानं कुरतडल्यासारखे दिसायचे. तसं मी तिला सांगायचे, आणि ती हसायची. त्या दोन संध्याकाळींसाठी मी बाकीचा आठवडा ढकलायची, हे कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच.

आता आमचे नेते. म्हणजे धाकटीचा मुलगा, माझा भाचा. आई त्याला सोन्या म्हणते, मी नेते म्हणते. पोरगा वाईट नव्हता हो. चालायला लागायच्या आधी माझ्या मांडीवर बसून गावभर फिरलाय. माझी व्हीलचेअर ही त्याची पहिली गाडी. उतार आला की तो खिदळायचा आणि मी एका हातानं चाक आवळायचे, दुसऱ्या हातानं त्याचं पोट.

मग तो युवक पथकात गेला. तिथं एक सर आहेत. सर पोरांना नेते बनवतात. समाजसेवा करायची, तिचे बिल्ले मिळवायचे, बिल्ल्यांवर बिल्ले चढवत गेलं की सगळ्यात वर युवा नेतृत्वाचा सर्वोच्च पुरस्कार. तो मिळाला की मोठ्या कॉलेजांची दारं उघडतात, म्हणून पोरांपेक्षा पोरांच्या आया जास्त घायकुतीला आलेल्या.

या समाजसेवेचे नमुने ऐका. हे लोक तळ्याकाठी सफाईला गेले, तर काठ आदल्याच दिवशी सफाईवाल्यांनी लख्ख केलेला. झाली का पंचाईत. मग पेटीतला कचरा काढून पसरला, पोरांनी हातमोजे घालून तो उचलताना फोटो काढले. मी विचारलं, "सगळा परत उचललात ना?" तर नेते म्हणतात, "मावशी, तेवढ्यात कॅमेऱ्याची बॅटरी संपली." वृद्धाश्रमात नखं कापायला गेले, तर कॅमेऱ्यासमोर बरे दिसणारे आजोबा एकच. एकामागून एक सगळ्यांनी त्यांचीच नखं कापली. त्या माणसाला पाठ खाजवायचीही सोय ठेवली नाही. हे सगळं मी हसण्यावारी नेलं. पोरवय आहे, म्हटलं, कळेल हळूहळू.

सर्वोच्च पुरस्काराला मात्र टिकाऊ काम लागतं. नेत्यानं उभं केलेलं आणि नेता गेल्यावरही उभं राहणारं. एके दिवशी धाकटी माझ्याकडे आली, शिवायला टाकलेल्या कपड्यांच्या ढिगावर बसली आणि म्हणाली, "ताई, सोन्याच्या मनात आलंय, केंद्राच्या पुढच्या दाराला रॅम्प करायचा. तुझ्यासाठी."

खरं सांगते, मला आनंद झाला. चांगलं भडभडून आलं. इतकी वर्षं मी त्या पुढच्या दाराकडे रस्त्यावरून बघत मागं वळायची. माझ्या बायका त्या पायऱ्या चढून गप्पा मारत आत जायच्या आणि मी कचऱ्याच्या पेट्यांना वळसा घालून त्यांना आत भेटायची. पुढच्या दारानं, कुणाचा हात न लागता आत जायचं, ही एवढीशी हौस. भाच्याला बोलावून मी सांगितलं, "हे बघ, लांब हवा. भिंतीच्या कडेनं वळवून आणलास तरी चालेल, पण लांब हवा. उभा केलास तर माझे हात पुरणार नाहीत." त्यानं मान डोलावली, मोबाइलमध्ये लिहूनही घेतलं. मी त्याच्यासाठी एक शर्ट शिवला, न मागता.

काम सुरू झालं. काम गवंडी करत होते आणि पथकातली पोरं गमबूट घालून फोटोपुरत्या विटा हातात धरत होती, तरी मी काही बोलले नाही. खडूनं आखणी केली होती ती बरोबर होती, भिंतीच्या कडेनं वळसा घेऊन. मग सर आले. रस्त्याच्या पलीकडे जाऊन त्यांनी डोळ्यासमोर बोटांची चौकट धरली. दार दिसत होतं, नावांच्या पाटीची जागा दिसत होती, पण रॅम्प भिंतीच्या आड जात होता. तिन्ही एका चौकटीत येईनात. सरांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी खडू पुसलेला आणि रॅम्प दारातून सरळसोट खाली, नाकासमोर. तरी तो जरा लांब घेता आला असता, पण पायथ्याशी पाटीची भिंत यायची होती. काळ्या दगडाची, रस्त्यावरून वाचता येईल अशी. वर सोनेरी अक्षरांत भाच्याचं नाव, खाली पथकाचं, त्याखाली सरांचं. त्या भिंतीला ऐसपैस जागा दिली आणि उरलेल्या जागेत रॅम्प कोंबला. नेसत्या वस्त्राला कापड कमी आणि झालर मात्र घसघशीत, अशातली गत.

उद्घाटनाच्या दिवशी मी पाटीच्या भिंतीला वळसा घालून चढायला सुरुवात केली आणि अर्ध्यावर माझ्या दंडांनी हात टेकले. मी भाच्याला हळूच म्हटलं, "उभा झालाय रे हा. जमत नाहीये." तो म्हणाला, "मावशी, आज फोटो होऊ दे. मग बघू." आणि गेला मागं, ओणवा झाला. तो हा फोटो.

पुढच्या वर्गाला मी आपली नेहमीसारखी मागच्या दाराशी गेले. दाराला कुलूप. तेही नवं, हातभर. केंद्राच्या व्यवस्थापक बाई खिडकीतून म्हणाल्या, "आता कशाला मागून? पुढं रॅम्प झालाय ना. हे दार तुमच्यामुळेच उघडं ठेवत होतो आम्ही. मांजरं शिरतात, सामान जातं."

मी म्हटलं, "बाई, रॅम्प चढत नाही मला."

"फोटोत तर चढलात."

मी खुर्ची वळवली आणि पुढच्या दाराशी गेले.

त्या संध्याकाळी बेकरीवालीनं मला मागून रेटलं. तिच्या हातात कणीक तिंबून तिंबून ताकद आलेली, पण वरच्या टोकाला तिचा पाय सरकला आणि आम्ही दोघी थोडक्यात वाचलो. बाईंनी ते पाहिलं, आणि रॅम्पच्या कठड्यावर सूचना लागली. रॅम्प स्वतंत्र वापरासाठी आहे, खुर्ची ढकलू नये, अपघात झाल्यास केंद्र जबाबदार नाही. बेकरीवाली म्हणाली, "बघते कोण अडवतं." मी म्हटलं, "तुझं मनगट मोडलं तर बेकरी मी चालवू का?"

मग काही दिवस मी वर्ग रस्त्यावरून घेतला. बायका आत, मी खाली पाटीच्या भिंतीशी. त्या खिडकीत येऊन कापड दाखवायच्या, मी खालून ओरडायची, "उसव." वरून बाही खाली टाकायच्या, मी खूण करून परत वर फेकायची. जाणारे-येणारे थांबून बघायचे. माझं मलाच हसू यायचं आणि घरी आल्यावर रडू. शेवटी बाईंनी मला गाठलं. म्हणाल्या, हे बरं दिसत नाही. आणि सरांच्या पथकातल्या एका मुलीला कौशल्यदानाचा प्रकल्प हवाय, ती शिवण शिकवायला तयार आहे. व्हिडिओ बघून शिकलीय, फार हुशार आहे. "पुरस्काराचे परीक्षक येऊन जाईपर्यंत थांबते मी," बाई म्हणाल्या. "तोवर तुम्ही वर येऊ लागलात तर वर्ग तुमचाच. नाही तर मला काहीतरी बघावं लागेल. वर्ग चालला पाहिजे ना."

माझा वर्ग, माझ्या बायका, आणि बाई तो देणार व्हिडिओ बघून शिकलेल्या पोरीला, कारण तिलाही बिल्ला हवाय. मी तडक धाकटीच्या घरी गेले.

भाचा त्याच्या खोलीत होता. खुंटीवर पथकाचा ब्लेझर, छातीवर बिल्लेच बिल्ले, औषधाच्या दुकानातल्या फळीसारखे. मी म्हटलं, "रॅम्प लांब कर."

"आता नाही करता येत, मावशी. प्रकल्प पूर्ण म्हणून जमा केलाय. परीक्षक बघून जाईपर्यंत त्याला हात लावायचा नाही."

"का?"

"आता बदलला तर आधी तो अपुरा होता असं होतं ना."

"अपुराच आहे तो."

"मला माहितीय गं."

हे तो इतकं सहज म्हणाला की मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. मला वाटत होतं पोराला कळत नाहीये. पोराला सगळं कळत होतं.

मी त्याला वर्गाचं सांगितलं. आवाज चढवला नाही. म्हटलं, "बाकी काही नको. परीक्षक आले की त्यांच्यासमोर एक वाक्य बोल. रॅम्प आखूड झालाय, मी तो नीट करून देईन. तू बोललास तर ते परवानगी देतील. मी बोलले तर मी रडवी म्हातारी."

त्यानं नख कुरतडलं. मग म्हणाला, "सांगतो. मी स्वतः सांगतो. चूक मान्य करणं हेसुद्धा नेतृत्वच आहे, सर शिकवतात तसं." माझा हात हातात घेऊन म्हणाला, "शपथ, मावशी." धाकटी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती मला पोचवायला गल्लीच्या टोकापर्यंत आली. सहसा येत नाही.

परीक्षकांच्या आदल्या दिवशी सर माझ्या दुकानात आले. माझ्याशी बोलायला ते खाली उकिडवे बसले, म्हणजे आम्ही बरोबरीचे दिसावे, आणि त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघ्याला माझ्या काही कळत नाही, पण डोळ्यांना दिसतं की. "ताई, तुम्ही आमची प्रेरणा आहात," सर म्हणाले. "तुमच्यासारख्यांमुळेच या मुलांना सेवेची संधी मिळते." मग हळूच मुद्द्यावर आले. उद्या मुलं मला आधीच उचलून वर नेऊन ठेवतील. परीक्षक आले की मी वरून हात हलवायचा आणि गोड हसायचं. उतरायची घाई करायची नाही.

"हात उचला आधी," मी म्हटलं.

"काय?"

"गुडघ्यावरचा."

त्यांनी उचलला. तेवढंच एक समाधान मिळालं मला त्या सगळ्या प्रकरणात. मी सांगितलं, मी खालूनच येईन, माझी मी. सर हसले, म्हणाले, जशी तुमची इच्छा, आणि जाताना दुकानाच्या दारात त्यांनी माझ्यासोबत एक फोटो काढून घेतला. माझी परवानगी विचारायची पद्धत त्यांच्या सेवेत नसावी.

दुसऱ्या दिवशी परीक्षक आले. एक चष्म्यातले गृहस्थ, एक ठेंगण्या बाई. दोघंही दमलेले, सकाळपासून असली कितीतरी टिकाऊ कामं बघून आलेले. पथकाची पोरं दोन्हीकडे रांगेत, पाय फाकवून, हात पाठीमागं बांधून. तशी उभं राहायची त्यांची शिस्तच आहे. माझ्या बायका फुटपाथवर. धाकटी नवी पर्स छातीशी धरून. भाचा रॅम्पच्या मध्यावर, कठड्याच्या बाहेर उभा राहून माहिती देत होता.

छान बोलतो तो. अडखळत नाही. म्हणाला, माझी मावशी इतकी वर्षं कचऱ्यातून आत जायची, ते बघून माझं मन हेलावलं. मी वाट बघत होते. म्हणाला, या रॅम्पमुळे तिला सन्मान मिळाला. मी वाट बघत होते. चष्मेवाल्यांनी विचारलं, "काम करताना काही अडचणी? काही चुकलं, काही शिकलात?" याहून सोपं करून कोण देणार होतं त्याला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं सरांकडे पाहिलं आणि म्हणाला, "वेळेचं नियोजन शिकलो, सर."

वेळेचं नियोजन.

मी चाकांना हात घातला. भिंतीला वळसा घेऊन रॅम्पच्या तोंडाशी आले आणि चढायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे सगळे वळून बघायला लागले. सुरुवात बरी झाली. मी रोज हातांवरच जगते, मला काही अगदीच लेचीपेची समजू नका. मध्यावर मात्र नेहमीचं झालं. दंड भरून आले, तळवे ओले झाले, चाक बोटातून निसटायला लागलं. भाचा तिथंच होता, कठड्याच्या पलीकडे. हात लांब केला असता तर माझी खुर्ची त्याच्या हातात आली असती. त्याचे दोन्ही हात पाठीमागं बांधलेले होते.

मी त्याला हळू म्हटलं, "धर."

त्यानं ऐकलं. मला माहितीय त्यानं ऐकलं, कारण त्याची बोटं मागं एकमेकांत घट्ट झाली आणि ब्लेझरच्या बाहीला चुण्या पडल्या. त्यानं सरांकडे बघितलं. सरांनी मान नाही म्हणून हलवली, अगदी एवढीशी. भाचा समोर बघायला लागला.

मी गेले मागं. खुर्ची जोरात उतरली आणि पाटीच्या भिंतीवर आदळली. कोपर दगडावर आपटलं, खुर्चीचं पाठीमागचं दांडकं वाकलं. बेकरीवाली धावली, ठेंगण्या बाई धावल्या, लागलं का, पाणी आणा. धाकटी जागच्या जागी उभी, पर्स तोंडावर धरून. कोपरातून रक्त येत होतं ते मी पदरानं दाबलं.

आणि हे ऐका. चष्मेवाले गृहस्थ खाली आले, त्यांनी पाटीच्या भिंतीवर थाप मारून पाहिली. म्हणाले, "भिंत इथं घेतली हे मात्र विचारपूर्वक केलेलं दिसतंय. नाही तर खुर्ची थेट रस्त्यावर गेली असती. सुरक्षेचा विचार आहे यात."

"अर्थातच," सर म्हणाले.

"तुमची कल्पना?" त्यांनी भाच्याला विचारलं.

तेव्हाही तो बोलू शकला असता. रक्त त्याच्या समोर होतं. तो म्हणाला, "हो सर. आराखड्यातच होती ती."

कागदावर काहीतरी टिपत गृहस्थ ठेंगण्या बाईंना म्हणाले, लाभार्थीला थोड्या सरावाची गरज आहे. लाभार्थी म्हणजे मी. मग सगळ्यांना चहा देण्यात आला. मलाही एक कप दिला आणि मी तो पाटीच्या पायथ्याशी ओतला, तर पथकातला एकजण लगेच फडकं घेऊन आला. स्वच्छतेत ही पोरं हयगय करत नाहीत.

पुरस्कार मिळाला, हे सांगायला नकोच. वर्ग त्या मुलीकडे गेला. बेकरीवाली आणि आणखी एक जण माझ्या दुकानात येतात, पण खोलीत तिसरं मशीन मावत नाही, आणि बाकीच्यांना केंद्र जवळ पडतं. त्यांना मी बोल लावत नाही. रॅम्पवर केंद्राच्या बाईंनी कुंड्या मांडल्यात. छान दिसतं.

समारंभाच्या आदल्या दिवशी धाकटी आली. हातात ब्लेझर, आणि मऊ कागदात गुंडाळलेला सर्वोच्च बिल्ला. भरतकामाचा, जरीच्या कडेचा. खिशावर नेमका बसला पाहिजे, म्हणाली, जराही तिरका चालत नाही. पथकाचा रिवाज असा की नाव पुकारलं की मुलानं शर्टावर मंचाच्या पायथ्याशी यायचं, तिथं आईनं सगळ्यांसमोर त्याला ब्लेझर घालायचा आणि मग त्यानं वर जायचं. तोवर ब्लेझर घडी घालून आईच्या मांडीवर.

"तूच लाव ताई," धाकटी म्हणाली. "तुझ्यासारखी टीप कुणाची येत नाही. सोन्याच म्हणाला, मावशीकडेच दे."

माझ्या कोपराला पट्टी होती. बटण दाबताना कळ मस्तकात जायची. धाकटीनं पट्टीकडे बघितलं आणि मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "तूही ये ना उद्या," ती म्हणाली. "तो भाषणात तुझं नाव घेणार आहे. फक्त तिथं मंचाला पायऱ्या आहेत, तेव्हा तू खालीच बस."

"ठेव ब्लेझर," मी म्हटलं.

बिल्ला मी हातानं लावला. बारीक टाके, वरून एक दिसणार नाही. सूतभर इकडे नाही की तिकडे नाही. कामात मी दगाबाजी करत नाही. मग ब्लेझर टेबलावर पसरला आणि बाह्या सरळ केल्या. चांगलं कापड, चांगलं अस्तर. बाहीचं तोंड मी चपटं केलं, कड कडेला जुळवली, त्याच रंगाचा दोरा ओवला आणि आतून शिवून टाकली. एकदा उलटी टीप, वर पुन्हा एकदा. मग दुसरी बाही. ओढून बघितलं, हलत नव्हती. इस्त्री फिरवली, बाह्या आत घेऊन घडी घातली, मऊ कागदात गुंडाळून ठेवलं. संध्याकाळी धाकटी घेऊन गेली, बिल्ला बघून तिचे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातच होते. बेकरीवालीच्या काजांना शिव्या घालत बसले होते तेवढ्यात फोन वाजला. धाकटीच. मागं लाउडस्पीकरवर कुणीतरी दुसऱ्याच मुलाचं नाव पुकारत होतं, आणि ती कुजबुजल्या आवाजात, दात आवळून बोलत होती.

"ताई, काय केलंस हे तू? त्याचा हात बाहेर येईना. मी ओढतेय, तो ढकलतोय, सगळं सभागृह बघतंय. सर खुणा करतायत. मागून कुणीतरी हसलं. तो बाहीत हात अडकवून नुसता उभा. शेवटी तसाच शर्टावर गेला वर. मला म्हणत होता, आई, धर ना, काहीतरी कर. हात कुठं ठेवू, म्हणत होता. मी काय सांगणार त्याला?"

"अगं, पाठीमागं बांध म्हणायचं," मी म्हटलं. "तसा तो फार छान उभा राहतो."